सदाशिवजी आणि एक चुकलेली तिथी

रोहण्याचे सदाशिवजी कोहळे सकाळी तोंड धुऊन झाले की घराच्या ओट्यावर उभे राहत आणि रस्त्याकडे पाहून त्या दिवसाची तिथी सांगत. कोणी विचारलेले नसे. बैल घेऊन जाणारा गडी असो की पाण्याला निघालेल्या बाया, ज्याच्या कानावर पडेल त्याच्यासाठी ते असे. "आज वद्य सप्तमी. मंगळवार. दुपारपर्यंत भद्रा आहे, नवीन काम काई धरू नका." एखादा चालता चालता म्हणे, "जुनंच उरकत नाई बाबाजी, नवीन कोठून धरू!" सदाशिवजी हसत नसत. "मग तुह्यासाठी आज दिवस चांगला आहे," असे म्हणून ते आत जात.

माझी आणि त्यांची पहिली भेट अमावस्येला झाली. मी नुकताच मॅट्रिक होऊन रोहण्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. आर्वीच्या छोट्या गाडीतून उतरून, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि खोली भाड्याने मिळेल का म्हणून विचारले.

"खोली आहे. पण आज अमावस्या. आज कोणाले घरात घेत नसतो मी. उद्या या."

"पण आज मी राहू कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पेटीकडे पाहिले. "पेटी आत ठेवा. पेटीले अमावस्या नसते. तुम्ही मारुतीच्या देवळात निजा. जेवाले इथंच या."

तेवढ्यात त्यांची बायको बाहेर आली. पुढे मी त्यांना काकू म्हणू लागलो. "देवळात काऊन? पोरगं दिसते बिचारं. ओट्यावर निजू द्या."

"ओटा घरात मोडते."

"तुमच्या पंचांगात लिहिलं आहे का, ओटा घरात मोडते म्हणून?"

सदाशिवजींनी खरोखरच विचार केला. "नाई. तसं लिहिलं नाई," ते म्हणाले. त्या रात्री मी ओट्यावर निजलो, आणि पुढची कितीतरी वर्षे त्या घरात राहिलो.

सदाशिवजी जातीने कुणबी, मराठी चौथी शिकलेले. गावात पूर्वी एक म्हातारे जोशी होते. त्यांची नजर गेली तेव्हा रोज पंचांग वाचून दाखवायला त्यांना कोणीतरी हवे होते. शेतावरून येताना सदाशिवजी त्यांच्याकडे बसत. वाचता वाचता समजू लागले, आणि जोशी गेल्यावर गाव आपोआप सदाशिवजींकडे येऊ लागले. लग्न लावायला आर्वीहून भटजी येत. पण दिवस कोणता, हे सदाशिवजींच्या ओट्यावर ठरे. गाय वळूला कधी दाखवावी, पोराचे जावळ कधी काढावे, कढीपत्त्याचे झाड तोडावे की नाही, सगळे तिथेच. पावसाच्या नक्षत्रांची वाहने ते सांगत तेव्हा गावातली टवाळ मंडळी मुद्दाम येऊन बसत. एका वर्षी मृगाचे वाहन गाढव होते आणि पाऊस आलाच नाही. "बाबाजी, तुमचं गाढव कोठी अडकलं?" म्हणून त्यांना पंधरा दिवस छळले. ते शांतपणे म्हणत, "पंचांग पाऊस पाडत नाई बावा. पावसाचं नाव सांगते."

कोणी कोर्टात जायला मुहूर्त विचारला तर त्याला ते परत पाठवत. "तारीख न्यायाधीशानं देल्ली. मी मधात काऊन बोलू?"

मी बाहेरून बी.ए.ला बसलो तो त्यांच्या ओसरीवर अभ्यास करून. माझे वडील हिंगणघाटला गिरणीत कामगार होते. आमच्या घरात कोणी कॉलेजचे तोंड पाहिलेले नव्हते. परीक्षेला नागपूरला जायचा दिवस त्यांच्या पंचांगाप्रमाणे फार वाईट निघाला. मी घाबरत म्हणालो, "परीक्षा तर पुढे ढकलता येत नाही." ते म्हणाले, "ढकलाचं काई काम नाई. उद्याचा दिवस वाईट आहे ना? मग तुम्ही आजच निघा." आणि त्यांनी माझे एक धोतर, मूठभर तांदूळ आणि सुपारी एका फडक्यात बांधून समोरच्या घरी नेऊन ठेवली. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. सामान चांगल्या दिवशी घराबाहेर पडले म्हणजे प्रवास सुरू झाला. माणूस मागून कधीही गेला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून ते गाठोडे उचलून मी स्टेशनावर गेलो. मी पास झालो तेव्हा गावात ते सांगत फिरले की मास्तर हुशारीनेच पास झाले, प्रस्थानाने फक्त गाडी चुकू दिली नाही. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडिलांनंतर मी पाया पडलो तो त्यांच्या.

एका गोष्टीत मात्र ते कोणाचे ऐकत नसत. चुकीची तिथी त्यांना खपत नसे. एका वर्षी किराणा दुकानदाराने दुकानात परगावचे छापील कॅलेंडर टांगले. त्यावर चतुर्थी एक दिवस पुढे छापलेली होती, आणि बायका ते पाहून उपास धरणार होत्या. सदाशिवजी भर उन्हात दुकानात गेले, कणकेची खळ करून घेतली आणि लक्ष्मीच्या चित्राखालच्या त्या चौकटीवर कागदाचा तुकडा चिकटवून आले. काकू वैतागल्या. "एक दिवस इकडं तिकडं झाला तर देव मारते का?"

"देव नाई मारत. पण जे माणूस उपाशी राह्यते, त्याले तरी फसवू नये."

त्यांना दोन मुले. मोठा किसना, धाकटी यमुना. किसनाचे शेतात मन लागले नाही. तो छिंदवाड्याकडच्या कोळशाच्या खाणीवर कामाला गेला. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशातच होता आणि इकडची बरीच पोरे तिकडे जात. वर्षातून एकदा तो यायचा, हिंदी बोलायचा, काकूंना 'अम्मा' म्हणून हाक मारून चिडवायचा. मी त्याला दोनदा पाहिले. उंच, जरा वाकून चालणारा, बहिणीशी सतत भांडणारा मुलगा.

यमुनेचे लग्न अल्लीपूरच्या एका खाऊनपिऊन सुखी घरी ठरले. सदाशिवजींनी दिवस काढायला फार वेळ घेतला. मुहूर्त पुष्कळ होते. पण किसनाला सुट्टी मिळेल असा त्यांना हवा होता. शेवटी ज्येष्ठ शुद्ध द्वितीया ठरली. त्याला कार्ड टाकले. 'येतो' असे त्याचे उत्तरही आले.

मी सुट्टीत हिंगणघाटला गेलो होतो, तो लग्नासाठी परतलो. किसना आला नाही. आदल्या दिवशीच्या गाडीला माणूस स्टेशनवर पाठवला, त्या दिवशीच्या गाडीलाही पाठवला. मुहूर्ताची वेळ जवळ आली तशा काकू पुन्हा पुन्हा मांडवाच्या दाराशी जाऊ लागल्या. तेव्हा सदाशिवजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याले बहिणीच्या लग्नाले सवड नाई, त्याची वाट कायले पाहाची? लावा लग्न." नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो. तो चुलतभावाने पिळला. यमुना मान खाली घालून बसली होती, पण तिने बापाचे बोलणे ऐकले होते.

शाळा उघडल्यावर, ज्येष्ठ संपता संपता, एक दिवस सकाळी एक परका माणूस दारात आला. त्याच्या काखेत एक घोंगडी आणि हातात पितळी तांब्या होता. नाव भैयालाल. किसनाबरोबर खाणीवर काम करणारा. तो ओट्याच्या खालीच उभा राहिला आणि त्याने तांब्या ओट्यावर ठेवला. सदाशिवजींनी तांब्या ओळखला.

"बुखार था बाबा," तो म्हणाला. "बहुत तेज था. अस्पताल ले गए थे."

सदाशिवजींनी हिंदीत विचारले, "कब?"

"जेठ बदी आठें को."

काकू दारात आल्या होत्या. शेजारचे दोघेतिघे गोळा झाले होते. "काय म्हणते तो?" काकूंनी विचारले. "कधी? कधी म्हणते?"

सदाशिवजींचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकदा फिरला. मी जवळच उभा होतो. त्यांचे तोंड तसेच राहिले, त्यात काहीच हलले नाही. मग ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "जेष्ठ वद्य अष्टमी."

"म्हणजे परवा-परवाची गोष्ट," शेजारचा कोणीतरी म्हणाला. काकू तिथेच खाली बसल्या. सदाशिवजी मला म्हणाले, "मास्तर, या माणसाले शेजारी जेवू घाला अन् गाडीवर बसवून द्या. यानं लई दूरचा पल्ला मारला आहे."

स्टेशनच्या वाटेवर भैयालाल माझी पुन्हा पुन्हा माफी मागत होता. "सवा महीना हो गया, मास्टरजी. चिट्ठी लिखवाई थी, पहुँची नहीं दिखती. मुझे छुट्टी ही नहीं मिली." मी थांबलो. सव्वा महिना? मी त्याला पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. गाडी आली, तो गेला.

मी परत आलो तेव्हा सदाशिवजी गोठ्यात होते. आंघोळ झालेली, अंगावर ओला पंचा. ते बैलाच्या पुढ्यात कडबा टाकत होते.

"सदाशिवजी, तो माणूस सांगत होता..."

"मास्तर, मले माहीत आहे."

ते कडबा टाकत राहिले. "त्याइचा महिना पुनवेले सरते, आपला अमावस्येले. त्याइचा जेठ बदी म्हणजे आपला वैशाख वद्य. किसना वैशाखात गेला."

मला ते लक्षात यायला क्षणभर लागला. वैशाख वद्य अष्टमीपासून ज्येष्ठ शुद्ध द्वितीयेपर्यंत दहा दिवससुद्धा भरत नव्हते. "म्हणजे लग्न..."

"सुतकात लागलं. आपल्याले माहीत नव्हतं. शास्त्रात याले दोष नाई. पण अल्लीपूरची व्याहीण काई शास्त्र वाचत नाई. थोरल्या सुनेच्या पावलानं घरचा बैल मेला म्हणून तिनं तिले माहेरी धाडली, ती अजून माहेरीच आहे. हे तर सख्ख्या भावाचं मरण. यमीले ते कसं वागवतीन?"

"आणि किसना?"

"किसना गेला, मास्तर. त्याले आता कोणताही दिवस चालते."

हे बोलून त्यांनी पुढचा कडबा उचलला. ते खरे नाही, हे त्यांच्याइतके गावात कोणालाच माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी यमुनेला घेऊन तिची सासू आली. रडून झाल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती दिवस कोणता. तिने बोटांवर मोजले आणि श्वास सोडला. "मांडवाच्या मागूनचं आहे. तेवढं तरी बरं झालं बाई. आधीचं असतं तर पोरीले घरात ठेवणं जड गेलं असतं." काकूंनी मान हलवली. सदाशिवजी नुकतेच डोके भादरून भिंतीला टेकून बसले होते. ते काही ऐकू न आल्यासारखे बसून राहिले. ज्येष्ठ वद्य अष्टमी धरून पुढचे सगळे विधी झाले. भटजींनी तिथी विचारली ती सदाशिवजींनीच सांगितली.

त्यानंतर दरवर्षी त्या घरात किसनाचे श्राद्ध ज्येष्ठात होई. वैशाखातला तो दिवस फक्त आम्हा दोघांना माहीत होता. त्या सकाळी सदाशिवजी ओट्यावर येत. "आज वैशाख वद्य अष्टमी," एवढेच म्हणत. वार नाही, नक्षत्र नाही. मग शेतात निघून जात आणि दिवे लागल्यावर येत. काकूंना सांगत की शेतात कोणीतरी भाकर दिली. मी वर्गात मुलांना गणिते घालून खिडकीतून त्या वाटेकडे पाहत असे. मला काही वाटत असे असेही म्हणता येत नाही. तो दिवस यायचा आणि जायचा.

यमुना श्राद्धाला येई. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिच्या कडेवर मूल होते. पंगतीत बसल्यावर ती एकदम म्हणाली, "दादाले नोकरी बहिणीपेक्षा मोठी होती. चांगला जित्ता होता, अन् नाई आला. मले आजही मांडवातलं आठवते." मी सदाशिवजींकडे पाहिले. ते वाढत होते. त्यांनी तिच्या पानात कढी घातली आणि म्हणाले, "जेव. थंडी होते."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडलो. भांडलो म्हणजे मीच बोललो. म्हटले, निदान पोरीला तरी सांगा. तो मेलेला होता. तो तिच्यावर रुसून घरी बसला नव्हता.

"सांगतलं तर काय होईन?" ते म्हणाले. "तिले ते तोंडात धरून सासरी नांदा लागते. सासू समोर, नवरा समोर. एक दिवस तोंडातून निघालं की संपलं. भावाचा राग तिले झेपते, मास्तर. हे नाई झेपत."

"पण किसनावर नाहक..."

"मी बाप आहे ना त्याचा," ते म्हणाले. "मीच तर मांडवात बोललो. तिनं माह्याकडूनच ऐकलं." मग जरा वेळाने, "मी आहे तोवर नाई. मागून तुमची मर्जी."

पुढे माझी बदली वर्ध्याला झाली. मी निघालो तो दिवस त्यांनी काढून दिला होता. माझे लग्नही त्यांनीच काढलेल्या तिथीला झाले. त्यानंतर एका मार्गशीर्षात ते गेले. थोडा खोकला, थोडा ताप, चारच दिवस अंथरुणावर होते. निरोप मिळाल्यावर मी गेलो तोवर सगळे आटोपले होते. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "जेवून जाजो." एवढेच.

मी मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. यमुना विहिरीवर पाणी काढत होती. घरात तिची सासू आलेल्या बायांशी बोलत होती. तिचा आवाज बाहेर येत होता. यमुनेने दोर तसाच हातात धरून विचारले, "मास्तर, त्या खाणीवरच्या माणसाले तुम्ही गाडीवर पोचवाले गेलते ना? तो काई बोलला का? दादा काऊन नाई आला माह्या लग्नाले? बाबाले विचाराची हिंमत नाई झाली कधी."

मी सांगितले. फार शब्द लागले नाहीत. त्यांचा महिना, आपला महिना, आणि खरा दिवस. ती ऐकत होती. तिचा अंगठा पेरांवरून फिरला, पुढे गेला, थांबला.

"म्हणजे कान पिळाच्या वेळेस..."

"हो."

"अन् बाबा म्हणले, लावा लग्न."

"तेव्हा त्यांना माहीत नव्हते. नंतर कळले. कळल्यावर त्यांनी तो ज्येष्ठाचा दिवस तसाच राहू दिला. तुमच्यासाठी."

ती विहिरीत पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. आतून सासूने हाक मारली, "यमुने, इतका वेळ? बाया तहानल्या आहेत." तिने बादली ओढून घेतली, पदर नीट केला आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही. संध्याकाळच्या गाडीने मी वर्ध्याला परतलो आणि सांगून बरे केले की वाईट, हे मला ठरवता आले नाही.

गेल्या वैशाखाच्या वद्य पक्षात एका सकाळी यमुना माझ्या दारात आली. तिचा नवरा सरकी घ्यायला वर्ध्याला आला होता. त्याच्यासोबत आले, म्हणाली. मुलगा बापाबरोबर बाजारात गेला होता. माझ्या पत्नीने चहा केला, पोहे केले. यमुनेने दोन्ही नको म्हटले. पत्नीला वाटले, हिला बरे नसावे. तिने लिंबाचे पाणी पुढे केले. यमुनेने साधे पाणी मागून घेतले आणि भिंतीला टेकून बसून राहिली. इकडचे तिकडचे बोलली. कापूस कसा झाला, पोरगा शाळेत घालायचा आहे, सासूचे गुडघे दुखतात. दुपारी पत्नीने ताट वाढले, तर ती उठून पोळ्या लाटायला बसली. जेवली मात्र नाही.

उन्हे कलली तेव्हा रस्त्यावरून तिच्या नवऱ्याची हाक आली. मी तिला दारापर्यंत पोचवायला गेलो. चप्पल पायात घालता घालता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "दरवर्षी येईन, मास्तर. अल्लीपूरले उपाशी राह्यलं तर कारण सांगा लागते. तुमच्या घरी नाई लागत."